गणोजीकाकांनी दूध सोडलं

आमच्या गल्लीत कुणी गयेहून परतलं, की त्याच्या पायावर पाणी पडायच्या आधीच लोक विचारतात, "काय सोडलं?" रीतच आहे. गयेला अक्षयवटाखाली पिंड ठेवायचे आणि गेलेल्या माणसाच्या नावानं खाण्यातली एक वस्तू जन्मभरासाठी सोडायची. आता आमची माणसं म्हणजे काय विचारता! शिवाजीरावांनी पडवळ सोडलं, जे त्यांनी कधी तोंडात घातलंच नव्हतं. उमाशंकरभटजींच्या बहिणीनं सीताफळ सोडलं, कारण त्यानं तिला खोकला व्हायचा. माझ्या आत्यानं अननस सोडला. अननस तिनं फक्त कॅलेंडरवर पाहिलेला आहे.

गणोजीकाकांनी दूध सोडलं.

ही बातमी आईचे पिंड ठेवून आलेल्या काकांनी स्वतःच दिली, ओट्यावर वळकटी ठेवता ठेवता, छत्री गाडीत राहिली असं सांगावं तशा आवाजात.

"दूध?" शिवाजीराव म्हणाले. शिवाजीराव गल्लीचे पंच. वाक्य संपलं की ते "समजलं का?" विचारतात, आणि उत्तरासाठी कधी थांबत नाहीत. "अरे, दूध कुणी सोडतं का? कारलं सोडायचं, दोडका सोडायचा. समजलं का?"

"पंडा म्हणाला, सबसे प्यारी चीज छोडो, जजमान."

"तो सगळ्यांनाच म्हणतो! मलाही म्हणाला होता. समजलं का?"

"मग तुम्ही पडवळ—"

"मला पडवळ फार प्यारं होतं," शिवाजीराव म्हणाले आणि घसा खाकरून रस्त्याकडे बघू लागले.

आता गणोजीकाका कोण, ते सांगायला हवं. आमच्या शेजारचं घर त्यांचं. घर त्यांच्या मापाचं नाही. स्वतःच्याच दारातून आत जाताना ते मान वाकवतात, आणि रागात असले की विसरतात. मग "खट्" असा आवाज येतो आणि दुर्गाकाकी आतून म्हणतात, "आले वाटतं." धारच्या दरबारच्या पागेत काका घोडे सांभाळायचे. संस्थान मध्यभारतात गेलं, पागा मोडली, घोडे कुठं कुठं गेले, आणि काका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला लागले. "गाठी बऱ्या," ते म्हणतात, "लाथ मारत नाहीत." मग थोड्या वेळानं, "पण ओळखतही नाहीत."

काका बोलतात हळू, आणि प्रत्येक शब्द आधी उचलून बघतात, जड आहे का म्हणून. काकी बोलतात भराभर, आणि निम्मं बोलणं भांड्यांशी करतात. "बघ गं बाई पातेल्या, यांना आता काय घालू मी?" असं त्या दिवशी पातेल्याला विचारलं गेलं, कारण काकांच्या गळ्यात तुळशीची माळ. माळ घातल्यापासून मटण बंद होतं. अंड्याचं नावही घरात नाही. त्या एवढ्या थोरल्या देहाला धरून ठेवणारी चीज एकच होती, ती म्हणजे दारातल्या म्हशीचं दूध. सकाळी भलामोठा लोटा, रात्री भलामोठा लोटा. आता तेही गेलं. म्हैस मात्र दारातच. धार काढताना काका तोंड फिरवून बसायचे आणि म्हैस मान वळवून त्यांच्याकडे बघायची, काय चुकलं आपलं, अशी.

एवढ्यावरच असतं तर गल्लीनं चार दिवस हसून सोडून दिलं असतं. पण मार्गशीर्ष पुढं उभा होता.

मार्गशीर्षात चंपाषष्ठीला आमच्या गल्लीत बारा गाडे ओढतात. एकामागे एक बैलगाड्या साखळीनं जोडायच्या, त्यांत गल्लीची पोरं भरायची, आणि एकाच माणसानं खांद्यावर दोर घेऊन ते सगळं लटांबर खंडोबाच्या देवळाच्या पायरीपर्यंत न्यायचं. मान गणोजीकाकांच्या घराचा. दोर आधी त्यांच्या बापाच्या खांद्यावर होता, त्याच्याआधी आजाच्या. गाडे हलले नाहीत तर गल्लीला वर्ष वाईट जातं म्हणतात, आणि मान त्या घरातून उठतो, तो परत येत नाही.

म्हणून शिवाजीरावांनी देवळात बैठक बसवली. "गणोजी, एक काय ते ठरव. दूध पी, नाहीतर दोर खाली ठेव. माझा भाचा उदाजी आहे पीपलरावां गावचा. तो ओढेल. समजलं का?"

उदाजी तिथंच बसला होता. गोरा, गुबगुबीत, मिशा पिळलेल्या. पण तो बोलला की मिशा दुसऱ्या कुणाच्या वाटतात. "मामा, मला कशाला घालून राहिले मध्ये? माझी कंबर भरून येते, भिया."

"तू गप."

काकांनी आपले शब्द उचलून बघितले. मग म्हणाले, "दोर ठेवणार नाही. दूध पिणार नाही. एक देवाला दिलेला शब्द आहे, एक आईला. दोन्ही माझेच."

उमाशंकरभटजी भले माणूस. त्यांना वाटलं, काही वाट काढावी. बोलायच्या आधी ते डोळे मिटतात आणि पोथी पोटात असल्यासारखं पोटावरून हात फिरवतात. "हं... असं आहे गणोजी. दूध सोडलं म्हणजे दूधच सोडलं. दही निराळं. ताक निराळं. तूप तर फारच निराळं."

"भटजीबुवा," काका म्हणाले, "म्हशीला माहीत आहे ते सगळं एकच आहे."

भटजींनी एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला. अशा रीतीनं दही, ताक, लोणी, तूप आणि खवा, सगळंच एका दमात गेलं.

नाक्यावरचा नालछ्याचा हलवाई, जो आता काकांच्या म्हशीचं दूध विकत घ्यायला लागला होता, तो तर रडायच्या बेतात आला. "अरे भिया, कंई करी दियो थने! घी का बिना बाफलो? दूल्हा का बिना बरात!" बाफला म्हणजे आमच्याकडची तुपात बुडवून खायची बट्टी. काकी दूध त्याच्याकडे घालायच्या आणि परत येताना वाण्याकडून डाळी घेऊन यायच्या. शिंग असलेल्या प्राण्याचं द्यायचं आणि शेंगेतलं आणायचं, असा नवा व्यवहार सुरू झाला.

पण सुरुवातीला घोटाळा काकांनीच केला. पागेत घोड्याला चंदी म्हणून भिजवलेले हरभरे घालतात. काका म्हणाले, "घोडा दूध पितो का? मटण खातो का? मग!" आणि त्यांनी तोबऱ्यात मावतील एवढे हरभरे रात्री भिजत टाकले, आणि सकाळी उकड नाही, मीठ नाही, कच्चेच, कुडुम् कुडुम् कुडुम् चावून संपवले. वर पाणी. दुपारपर्यंत जिनिंगमधून माणूस धावत आला, "काकी, गणोजींच्या पोटात कुणीतरी बोलून राहिलं आहे." संध्याकाळी काका ओट्यावर आडवे. पोट नगाऱ्यासारखं. मधूनमधून नगारा वाजायचा आणि समोरची कुत्री उठून उभी राहायची.

"घोड्याला चार पाय असतात," काकी ओव्याची पूड चोळत म्हणाल्या. "तुम्हाला दोनच आहेत. हे आधी मोजायचं होतं."

हरभऱ्याचं वेड एकदम उतरलं. मग काकांनी उलट टोक गाठलं. भाकरी, मीठ, मिरची, एक वाटी पातळ वरण. महिना गेला आणि त्यांचा सदरा अंगावर हलायला लागला. एक गाठ दोन दमांत उचलायची वेळ आली. शिवाजीराव येताजाता अंगण ओलांडून आत बघायचे आणि दुसरं काही न म्हणता "समजलं का?" एवढंच म्हणायचे.

एका संध्याकाळी काकी आमच्या घरी आल्या. श्रीपादमास्तरही आले होते. मास्तर शाळेत शरीरशास्त्र शिकवतात, आणि घरीदारीही वर्गात असल्यासारखे शेवटचा शब्द दुसऱ्याकडून काढून घेतात.

"गणोजींच्या अंगात जे मांस आहे, ते बांधायला लागतं प्रो...?"

काकी माझ्याकडे बघायला लागल्या.

"टीन. प्रोटीन. ते दुधात आहे, मांसात आहे. आणि आणखी कशात आहे? डा...?"

"डाळीत," काकी म्हणाल्या.

"शाब्बास. पण डाळीचं प्रोटीन जरा अधू, आणि ज्वारीचंही अधू. एक आंधळा, एक पांगळा. दोघांना एका ताटात बसवलं तर दोघं मिळून काय करतात? चा...?"

"चालतात," काकी म्हणाल्या. त्या क्षणी त्यांच्या तोंडावर असं काही आलं, जसं हरवलेली किल्ली कमरेलाच सापडावी. "म्हणजे मास्तर, वरण-भाकरी? उसळ-भाकरी? हे तर आम्ही करतोच की."

"करता. पण किती घालता? आणि दिवसातून किती वेळा?"

काकींनी बोटांवर मोजून बघितलं. मग त्यांनी ते सांगितलं, जे काकांनी गयेहून आल्यावर फक्त त्यांनाच सांगितलं होतं. काकांची आई, यमुनाबाई, जन्मभर कोरा चहा प्यायची. "मला मेलं दूध बाधतं," म्हणायची, आणि आपल्या वाटचं मुलाच्या लोट्यात ओतायची. शेवटच्या दुखण्यात वैद्यानं दूध द्यायला लावलं. काकांनी भीत भीत पेला तोंडाला लावला. म्हातारीनं एका घोटात संपवला, ओठ पुसले, आणि आणखी आहे का म्हणून बघितलं. तिला दूध कधीच बाधलेलं नव्हतं.

"म्हणून दूधच सोडलं," काकी म्हणाल्या. "आता मी त्यांना 'प्या' कसं म्हणू? आणि दोर गेला तर तो माणूस मोडेल, ते कसं बघू?"

मास्तरांनी चष्मा पुसला. कुठलाही शब्द अर्धा सोडला नाही. "बाई, दोन्ही ठेवू या," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून काकींच्या स्वयंपाकघरात जत्रा. मूग मोड आलेले, मटकी मोड आलेली, हरभरा आता रात्रभर भिजवून, शिजवून, हिंग-ओवा घालून. सकाळी कामावर जाताना मुगाची उसळ आणि भाकरी. दुपारच्या डब्यात चमचा उभा राहील असं तुरीचं वरण, आणि ज्वारीच्या दोन भाकऱ्या जास्त. संध्याकाळी गूळ-शेंगदाणे. रात्री बेसनाचं पिठलं, नाहीतर हुलग्याचं, आणि तिळाची चटणी भाजीएवढी. तूप नाही म्हणून वर कच्चं तेल. दर वाटीबरोबर काकींचं भाषण. "खा. हे आंधळं. आता हे खा. हे पांगळं. चाला."

"दुर्गे, मी गाय आहे का?"

"गाय असतात तर बरं झालं असतं. गाय विचारत नाही."

आणि एक गोष्ट काकांनी केली, जी गल्लीत कुणी करत नाही. आठवड्याभरानं त्यांनी काकींचं ताट बघितलं. त्यात भाकरीचा तुकडा आणि मिरची. डाळ सगळी इकडे आलेली. काकांनी आपली वरणाची वाटी काकींच्या ताटात उपडी केली. "एकीला दूध बाधायचं," म्हणाले. "तुला डाळ बाधायला लागलेली मला चालणार नाही." तेव्हापासून दोघं एकदम बसून जेवतात. शेजारपाजारच्या बायकांना आधी लाज वाटली, मग हेवा वाटला.

दिवाळी सरली तेव्हा सदरा पुन्हा अंगाला लागला. जिनिंगमध्ये काकांनी सरकीच्या पोत्यांनी भरलेला गाडा एकट्यानं दारातून बाहेर काढून दाखवला. उदाजी मुद्दाम पीपलरावांहून बघायला आला होता. त्यानं सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "देवा मल्हारी, वाचवलं."

आणि मग, सगळं जमून आलं असताना, मार्गशीर्षाचा पहिला दिवस उजाडला आणि काकी डोक्याला हात लावून चुलीपुढं बसल्या.

चंपाषष्ठीपर्यंत खंडोबाचे सहा दिवस उपासाचे. धान्य नाही. डाळ नाही. तूर, मूग, हरभरा, ज्वारी, सगळं बंद. मास्तरांना हे सुचलं नव्हतं, काकांना नव्हतं, आणि दर वर्षी उपास करणाऱ्या काकींनाही नव्हतं, कारण दर वर्षी त्या दिवसांत काका नुसत्या दुधावर राहायचे. दोन महिने बांधलेलं घर आणि ऐन वेळेला लक्षात यावं, की पायाच उपासाला चालत नाही!

शिवाजीराव आलेच. या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता, थकल्यासारखा. "गणोजी, मला काय तुझं वाईट करायचं आहे? तुझ्या बापाला मी गाडे ओढताना पाहिलंय. पण ओढणारा सहा दिवस दुधावर राहतो, ही रीत आहे. उपाशी पोटी दोर घेशील आणि तोंडावर पडशील. आई बघायला येणार आहे का वरून?"

काका म्हणाले, "येईल. म्हणूनच."

सगळे देवळात उमाशंकरभटजींकडे गेले. भटजींनी डोळे मिटले, पोटावरून हात फिरवला. काका दारात उभे, मान वाकवून. शिवाजीराव एका बाजूला, काकी दुसऱ्या बाजूला.

"डाळ चालणार नाही," भटजी म्हणाले. "उपास तो उपास."

काकींनी पदर तोंडाला लावला.

"पण दूधच प्यायला हवं असंही कुठं नाही. धान्य नको, एवढंच. ज्यांच्या दारात म्हैस होती, ते दूध पीत आले. म्हशीची काही देवानं अट घातलेली नाही. फराळाचं चालतं."

"फराळाचं म्हणजे?" काकींनी पदर खाली घेतला.

"म्हणजे... राजगिरा, शिंगाडा, रताळी, वरई, शेंगदाणे—"

"शेंगदाणे!" काकी ओरडल्या. देवळातली कबुतरं उडाली. "मास्तर! शेंगदाण्यात आहे का हो तुमचं ते?"

मास्तर बाहेर चपलांजवळ उभे होते. त्यांनी तिथूनच आत ओरडून उत्तर दिलं, आणि या वेळीही पूर्ण शब्द एका दमात दिला. "भरपूर! राजगिऱ्यातही!"

मग काय! सहा दिवस काकींच्या घरातून खलबत्त्याचा आवाज थांबला नाही. वरईचा भात आणि त्यावर दाण्याची आमटी, दाट, जिऱ्याची फोडणी घातलेली. राजगिऱ्याच्या भाकऱ्या. दाणे आणि गूळ कुटून लाडू, एवढे, की काकांच्या हातातही मोठे दिसावेत. आंधळं-पांगळं बंद झालं. आता काकी नुसतं "हं" म्हणून वाढायच्या. हलवाई एकदा पुडीत राजगिऱ्याचे लाडू घेऊन आला. "दूध को छींटो बी नी है, भिया. म्हारी सौगन." काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलवाई अर्धा खाली गेला.

चंपाषष्ठीला ऊन स्वच्छ होतं. गाड्या रांगेत, चाकांना हळद, बैलांच्या जागी कुणीच नाही, आणि वर पोरंच पोरं. भंडाऱ्यानं सगळ्यांच्या भुवया पिवळ्या. देवासहूनही लोक आले होते, गणोजी पडतो का ते बघायला. तोंडानं म्हणत होते दर्शनाला. काकांनी दोर खांद्यावर घेतला. शिवाजीरावांनी रीतीप्रमाणं, वेळ आली तर दोर घ्यायला, उदाजीला शेजारी उभं केलं. उदाजीचे ओठ हलत होते. तो काकांसाठी नवस बोलत होता की स्वतःसाठी, सांगता येत नाही.

"येळकोट येळकोट!"

"जय मल्हार!"

काका पुढं झुकले. साखळी ताणली. पहिला गाडा करकरला आणि तिथंच राहिला.

मागच्या गाड्यातलं एक पोर रडायला लागलं आणि कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवला. काकांनी पाय बदलला, टाच मातीत रोवली. मानेची शीर दोरासारखी वर आली. पुन्हा येळकोट झाला. साखळी एका कडीतून दुसऱ्या कडीत बोलत मागं गेली, पहिल्या गाड्यापासून शेवटच्यापर्यंत. शिवाजीरावांचा हात उदाजीच्या दंडावर घट्ट झाला. उदाजी म्हणाला, "मामा, थांबा ना जरा! तो माणूस ओढून राहिला!"

आणि चाक फिरलं. आधी एवढंसं, मग आणखी, आणि मग एका मागून एक सगळी. पोरं इतकी किंचाळली, की येळकोट कुणाला ऐकूच आला नाही. काका देवळापर्यंत मध्ये थांबले नाहीत. पायरीला कपाळ टेकलं, आणि उठायला त्यांनी उदाजीचाच हात धरला. उदाजीनं त्यांना असं उचललं, की सगळ्यांना पहिल्यांदा वाटलं, पोरात दम आहे.

काकी गर्दीत नव्हत्या.

शिवाजीराव स्वतः काकांना धरून घरी घेऊन आले. दारात वांग्याच्या भरताचा आणि रोडग्यांचा वास, आणि त्याच्याखाली आणखी एक, दाट, हिंगाचा. काकी चुलीपुढं होत्या. तुरीच्या डाळीचं मोठं पातेलं शिजून, घोटून, वर फोडणी पडून तयार. इतकी डाळ मऊ व्हायला सकाळपासून चुलीवर असायला हवी.

शिवाजीरावांनी पातेल्याकडे बघितलं, मग काकींकडे. "दुर्गाबाई, ही केव्हा चढवली?"

"पहाटे."

"म्हणजे गाडे हलायच्या आधीच! आणि हलले नसते तर? समजलं—" त्यांनी पुढचं गिळलं.

काकींनी काकांपुढं ताट ठेवलं, शेजारी आपलं ठेवलं, आणि शिवाजीरावांसाठी तिसरा पाट मांडला.

"नसते हलले तर काय," त्या म्हणाल्या, "घरी येऊन जेवायचं तर होतंच ना? बसा."